घाटावरचा ढीग

भाऊसो : ...आवं मेजर, तुमी तर ट्रॉली भरायलाय! ढीग नदीत ढकला म्हणून सांगितलं हुतं न्हवं?

तानाजी : सांगितलं हुतं.

भाऊसो : मग? कोयनेचं पाणी सुटलंय. दुपारपतोर ह्या पायऱ्या बुडत्यात. दरसाली ह्याच मुहूर्तावर आपण गावचा कचरा नदीच्या हवाली करतो, आन् तुमी त्यो उपसून माघारी न्यायलाय? डोस्कं फिरलं का काय?

तानाजी : गावात न्हाई नेत. माझ्या रानात नेतोय. सकाळधरनं तीन खेपा झाल्या.

भाऊसो : मंगल, तूबी? तुला पंचायतीनं झाडायला ठेवलीय का ह्येंच्या रानात कचरा पेरायला?

मंगल : मेजर म्हणले भर, मी भरतेय. आन् दरसाली ढकलताना तरी मला कुणी इचारलं हुतं?

भाऊसो : मेजर, परवा तपासणीवाले येणार हायत. स्वच्छ गावाचं बक्षीस तोंडाशी आलंय. वरीसभराचा ढीग घाटावर दिसला तर मी तोंड कुठं लपवू? आन् सात सालं तुमीच ढकलत आलाय की.

तानाजी : व्हय, मीच. म्हणून तर मीच उपसतोय.

भाऊसो : पण ह्याच साली काय झालं?

तानाजी : नागेश्वरचं पोरगं गेलं.

भाऊसो : कोण नागेश्वर?

तानाजी : फौजेतला जोडीदार. लेहला एका गाडीवर चार वर्सं काढली आमी, एका ताटात जेवलो. आंध्रातला कोळी. आपली कृष्णा जिथं समुद्राला मिळती तिथं त्येचं गाव. गेल्या महिन्यात पोरगं होडी घिऊन गेलं. नदीच्या तोंडाशी इंजनाच्या पंख्यात पोती आन् फाटकी जाळी गुतली. इंजन बंद. होडी लाटंला आडवी झाली. चोवीस वर्साचं पोरगं, भाऊसो.

भाऊसो : वाईट झालं. खरंच लय वाईट झालं. पण ती पोती काय आपल्या गावची हुती? मधी आलमट्टी, श्रीशैलम, किती धरणं हायत!

तानाजी : पुरात धरणाची दारं उघडत्यात.

भाऊसो : तरीबी. वरनं स्ट्रॉबेरीच्या वाफ्यावरचं काळं प्लास्टिक येतंय, कारखान्याची मळी येती, ते आपण झेलतोच का न्हाई? कुणाकुणाचं नाव घ्याल?

तानाजी : मी त्यो किनारा बघितलाय. गुडघाभर थर. दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, औषधाच्या बाटल्या. ठिबकच्या नळ्यासुदीक. समुद्राच्या वाळूत ठिबक कोण करतंय, सांगा? मासं चिरलं की पोटातनं प्लास्टिक निघतंय. पयलं तासाभरात जाळं भरायचं, आता दिसभर नुसता कचरा निवडत बसत्यात. ती पोती माझी न्हवती, असं छातीला हात लावून मला म्हणता यीना.

भाऊसो : आन् तुमच्या रानात तर ऊस हाय.

तानाजी : धा गुंठं मोडला. खड्डा काढलाय.

भाऊसो : उभा ऊस? आवं, घरात काय म्हणत्यात?

तानाजी : बोलत न्हाईत माझ्याशी.

भाऊसो : मग मी तरी काय बोलू? किल्ली द्या. ट्रॅक्टर पंचायतीचा हाय.

तानाजी : सरपंच राणीवैनी हायत. त्येंनी मागावी.

भाऊसो : राणी कागदावर हाय. बायको सरपंच असली तरी धावपळ कोण करतंय, गावाला ठावं हाय. द्या म्हणतो किल्ली. जेसीबीवाल्या विश्वजीतला लावतो ढीग ढकलायला. आन् उद्यापासनं कामावर यिऊ नका.

मंगल : सरपंच, तासभर तरी द्या वो! निम्मा तरी हलंल.

तानाजी : ऱ्हाऊ दे, मंगल. किल्ली गाडीलाच हाय.

(भाऊसोनं भरलेली ट्रॉली होती तिथंच उलटी केली आणि ट्रॅक्टर घेऊन निघून गेला. माणूस वाईट नव्हता, पण बक्षिसाच्या फलकावरचं आपलं नाव त्याला आधीच दिसायला लागलं होतं. पाणी आणखी दोन पायऱ्या चढलं. तानाजीनं फोन वरच्या पायरीवर ठेवला आणि पाटी उचलली.)

मंगल : मेजर, पाटीनं किती न्ह्याल? ट्रॉलीच्या तीन खेपा झाल्या तरी ढीग हाय तसाच.

तानाजी : वरच्या पायरीपतोर तरी न्हिऊ.

मंगल : वरची पायरीबी बुडणार हाय.

तानाजी : ठावं हाय.

मंगल : मग कशापायी जिवाला तरास?

तानाजी : मी खोटं बोललोय गं.

मंगल : कुणाशी?

तानाजी : नागेश्वरशी. पोराच्या तेराव्याला गेलो तवा किनाऱ्यावर बसलो हुतो दोघं. त्येनं इचारलं, तुमच्या गावात कचऱ्याचं काय करता? मनात काय न्हवतं त्येच्या, सहज इचारलं. आन् मी म्हणलो, आमच्यात मोठा खड्डा हाय, खत करतो. त्येला इतकं बरं वाटलं! बायकोला हाक मारून सांगितलं त्येनं. तीबी माझ्याकडं बघून हसली, त्या दिवसातबी.

मंगल : आगं आई!

तानाजी : गावात आल्या आल्या ऊस मोडाय घेतला. म्हणलं, पूर यायच्या आत खड्डा तरी खरा करावा.

मंगल : आवं, बघा, पाणी ढिगाखालनं घुसलं! सुटली पोती... मेजर, धरू नका! तुमालाबी वढून नील!

तानाजी : तू वर हो.

मंगल : तुमी या आदी! कमरंला लागलं पाणी. आन् फोन वाजतोय तुमचा... नागेश्वर म्हणून नाव आलंय.

तानाजी : पुराची बातमी बघितली असंल. दरसाली करतोय, आमी बरं हाय का बघाय.

मंगल : मग? बंद करू?

तानाजी : नगं. वाक जरा. लाव माझ्या कानाला, हात घाण हायत... हां, नागेश्वर. हां भाई, पानी आया है. सुन. वो गड्ढा बोला था ना मैंने? झूठ बोला था. तब गड्ढा था ही नहीं. सात साल से मैं ही डालता हूं नदी में. अब भी जा रहा है. मेरे सामने जा रहा है, भाई.

मंगल : ...ठिवला त्येनं?

तानाजी : ठिवला.

मंगल : काय म्हणला?

तानाजी : म्हणला, पाण्याचा आवाज यायलाय. तू आदी भायेर ये.