शोरूममधले संस्कार

बारामतीच्या स्टँडवर इंदापूरची गाडी अजून लागायची होती. राजलक्ष्मीच्या पाठीमागच्या बाकावर दोघं जण बोलत होते. वळून बघणं बरं दिसलं नसतं, पण कानांना काही झाकण नसतं.

"काय सर्जेराव, लागलं का शोरूमला काम?"

"न्हाय, तात्या."

"आरं, कंबर गेली म्हणून ट्रक सोडलास. पोरांच्यात बसून बॅटरीच्या गाड्या दुरुस्त करायला शिकलास की."

"शिकलो. आज त्यांनी बंद गाडी पुढ्यात ठिवली, ती चालू करून दावली. काम पसंत हाय म्हणाला मॅनेजर."

"मग घोडं पेंड कुठं खातंय?"

"वयात. अठ्ठेचाळीस म्हटल्यावर कागद बाजूला सारला त्यानं. पंचविशीचं पोरगं त्ये. म्हणं, 'काका, तुम्हाला ए पाना आण, असं कसं म्हणू? जीभच रेटत नाही.'"

"मग 'खुशाल म्हण' म्हणायचं की."

"म्हटलं की! म्हटलं, बाबा, अरे-तुरे कर, पर कामाला लाव. तर कानाला हात लावलं त्यानं. 'आमच्यावर तसे संस्कार नाहीत, काका.'"

"वा रं संस्कार!"

"तेवढ्यावर भागलं न्हाय. निघताना वाकून पाया पडला माझ्या. समद्या पोरांदेखत."

"आन् तू?"

"डोक्यावर हात ठिवला. आशीर्वाद दिला."

"त्याला? कसला?"

"म्हटलं, माझ्याएवढा हो."