साहेबाची डोली आणि गावची हद्द

अल्मोड्याच्या कचेरीबाहेर अर्ज घेऊन बसलो होतो. माझ्यापुढे नदीकाठच्या गावचा जमनसिंग बसला होता आणि त्याचा सोयरा त्याला विचारत होता.

"गोऱ्या साहेबाची डोली यंदाही फुकटच वाहिलीत म्हणे?"

"वाहिली की. प्रत्येक गावाने आपल्या हद्दीपर्यंत न्यायची, असा हुकूमच आहे."

"मग हसतोस कशाला?"

"आमची हद्द कुठे संपते, ठाऊक आहे?"

"नदीपाशी."

"नदीच्या मधोमध. साहेबानेच मोजणी करून नकाशात तशी रेघ मारलीय. आम्ही तिथवर नेली आणि हळूच खाली ठेवली."

"पाण्यात? साहेब आत असताना?"

"गुडघाभरच होतं."

"आणि पुढे न्यायला पलीकडचं गाव?"

"त्यांना आम्ही आदल्या दिवशीच भेटून आलो होतो. त्यांच्यातला एकही जण हलला नाही."

"साहेब ओरडला असेल."

"खूप. मी हात जोडून नकाशा पुढे धरला. खाली त्याचीच सही."

"शिक्षा नाही केली?"

"कशाची करणार? हुकूम मोडलाय कोणी? आता दौऱ्याला भाड्याची खेचरं आणतो."

"पण त्या दिवशी त्याला बाहेर कोणी काढलं?"

"कोणीच नाही. बूट हातात घेऊन आला चालत. काठावर सगळं गाव बघत उभं. आमची म्हातारी तेवढी म्हणाली, अगंबाई, पाय आहेत की याला."