खालून येणारं उत्तर

सन्माननीय अध्यक्ष डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरचे सचिव आणि खजिनदार, आजचे सत्कारमूर्ती आणि उद्या आपल्याला सोडून जाणारे आपले अण्णा, त्यांना न्यायला आलेल्या त्यांच्या कन्या, आणि बाहेर ताटं मांडल्याचा आवाज येत असूनही खुर्च्या न सोडणाऱ्या माझ्या सहनशील शेजाऱ्यांनो,

अण्णांविषयी चार शब्द मी बोलावेत असं समितीने ठरवलं. कमाल आहे! ज्याच्या घरातल्या धपधपीने या माणसाच्या छताचे पोपडे पडले, त्यानेच उभं राहून त्यांचे गोडवे गायचे. पण ठीक आहे, वरच्या मजल्यावर मीच राहतो, तेव्हा हा मान माझाच. मी रात्रपाळीची बस चालवतो. प्रवाशांशी माझं भाषण म्हणजे 'दारात उभं राहू नका, आत सरका.' त्यामुळे घसरलो तर सांभाळून घ्या.

आमच्या लेकीला, भिंगरीला, आपण सगळे ओळखता. म्हणजे आवाजाने ओळखता. दोन शाळांनी तिला घरी पाठवलं. दुसऱ्या शाळेच्या बाई तर फार गोड बोलल्या, म्हणाल्या, "हिच्यासाठी घरासारखी शाळा नाही." झालं, तेव्हापासून मी सकाळी बस डेपोत लावतो, घरी येतो, बायको प्रयोगशाळेत कामाला जाते आणि माझी शाळा भरते.

ही शाळा कशी असते? पहिल्यांदा मीही पाटी-पेन्सिल घेऊन बसलो होतो. भिंगरी टेबलाखाली आणि मी टेबलावर डोकं टेकून, असे दोघंही रडलो. मग थेरपिस्ट बाईंनी सांगितलं, हिला आधी स्वतःचं अंग जाणवू द्या, अक्षरं मागाहून येतील. सेन्सरी थेरपी म्हणतात त्याला. वेगळा तास ठेवू नका, अभ्यासातच मिसळा, म्हणाल्या. म्हणून आम्ही परातीत वाळू पसरून त्यात अक्षरं गिरवतो. गोष्ट वाचताना तिला रजईत घट्ट गुंडाळतो. पुस्तकांची जड पिशवी या खोलीतून त्या खोलीत तिलाच उचलायला लावतो. आणि गणिताला उड्या. एक म्हटलं की एक उडी, दोन म्हटलं की दोन. पायांना जोरात दणका बसला की तिचं डोकं शांत होतं. आता तुमचं अशांत होतं, त्याला माझा इलाज नाही.

अण्णा सरकारी वजनमाप निरीक्षक होते, हे नव्या मंडळींना सांगायला हवं. दुकानदार यांना बघून तराजू पुसायला घ्यायचे. निवृत्त झाले, पण नाकावरचा राग काही निवृत्त झाला नाही. एके दिवशी भिंगरीने तीन उड्या मारल्या आणि खालून जाळी काढायच्या दांड्याने छतावर ठण् ठण् ठण्! मी म्हटलं, मेलो. आता हा म्हातारा वर येणार आणि माझी सालटी काढणार. भिंगरी मात्र जागच्या जागी थांबली. जमिनीकडे बघत राहिली. आणि हसली. मग पुन्हा तीन उड्या मारल्या. अण्णा आणखी भडकले, पुन्हा तीन दणके. पोरीला वाटलं, कोणीतरी उत्तर देतंय.

अण्णा वर आले, लालबुंद होऊन. मी दार उघडलं. यांनी तोंड उघडलं, आणि आत बघतात तर पोरगी जमिनीला कान लावून पडलेली, उत्तराची वाट बघत. अण्णांनी तोंड मिटलं. माझ्याकडे बघितलं, चष्मा काढला, परत घातला आणि खाली गेले. थोड्या वेळाने खालून तीन दणके. हळू.

त्या दिवसापासून आमच्या शाळेत दुसरे मास्तर रुजू झाले. बिनपगारी, आणि माझ्यापेक्षा खडूस. ही दोन उड्या मारायची, थांबायची, मग तीन. खालून पाच यायचे. कधीकधी अण्णा मुद्दाम चार वाजवायचे. अहो, ही चिडायची! पाय आपटायची, गुरगुरायची, पाचवा मिळेपर्यंत पाठ सोडायची नाही. ज्या मुलीला कार्डं आणि मणी दाखवून माझे हात दुखले, तिला बेरीज येत होती, आणि दुसऱ्याची चूकही पकडता येत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडलो. बायकोला फोन करून सांगायला गेलो तर हुंदकेच आवरेनात. तिला वाटलं, पोरीला काहीतरी झालं.

आमची भिंगरी माझ्याशी बोलत नाही. तिच्या आईशीही नाही. या जगात ती एकाच माणसाशी बोलते, आणि त्या माणसाचा चेहरा तिला धड ओळखता येत नाही. आता हार घालायला तिला पुढे आणलं, तेव्हा अण्णांकडे न बघता ती पंख्याकडे बघत होती ते आपण पाहिलंच. अण्णा, तुम्हाला वाईट वाटलं असेल. मलाही वाटलं.

मागच्या महिन्यात अण्णा पडले आणि लेकीकडे राहिले, तेव्हाची गोष्ट. भिंगरीने उड्या मारल्या, कान लावला, पुन्हा मारल्या. मी अण्णांच्या घराची किल्ली घेऊन खाली गेलो, तोच दांडा घेतला आणि वाजवलं. वर काहीच हालचाल नाही. जाऊन बघतो तर ती स्वतःचं मनगट चावत बसलेली. दांडा तोच, पण हात अण्णांचा नाही हे तिला कळलं. मग बायकोने अण्णांना फोन करून त्यांच्याकडून दणके वाजवून घेतले, रेकॉर्ड केले आणि मोबाइल सतरंजीखाली ठेवला. पोरीने तो बादलीत बुडवला. मोबाइल गेला तो गेला, वाळूची परातही तिने ढकलून दिली आणि अण्णा परत येईपर्यंत आमची शाळा बंद राहिली.

परवा अण्णांनी विचारलं, "तिला काय सांगणार रे?"

म्हटलं, "काय सांगू?"

"सांग, म्हातारा आळशी झालाय."

"अण्णा, तिला म्हातारा ठाऊक नाही. तिला फक्त उत्तर ठाऊक आहे."

यावर अण्णा मला म्हणाले, "गाढवा, मग सवय कशाला लावू दिलीस?" आणि पाठ फिरवून भांडी बांधायला लागले. बरोबर आहे त्यांचं. ताईंनाही मी दोष देत नाही. वडिलांना एकटं ठेवणं आता शहाणपणाचं नाही, त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं.

अण्णांच्या घरात येणारं नवं जोडपं इथे बसलंय, त्यांचं मनापासून स्वागत. बाळ अगदी लहान आहे, सकाळी झोपतं, म्हणून ते छताला आवाज अडवणारं अस्तर लावून घेणार आहेत. त्यांनी वर येऊन, संकोचत, माझी परवानगी विचारली. चांगली माणसं आहेत. मी नाही कुठल्या तोंडाने म्हणणार होतो?

डॉक्टरसाहेब, कार्यक्रमाला जागा दिलीत, मला बोलू दिलंत, समितीचे आणि आपणा सर्वांचे आभार. अण्णा, तुमचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत. असते तर तुम्ही ते तोलून बघितले असते. काही कमी-जास्त बोललो असेन तर पोटात घाला.

आणि एक विनंती. उद्या सकाळी वरून आवाज येईल. नेहमीपेक्षा फार मोठा येईल, कारण तिला वाटेल, अण्णांना ऐकू गेलं नाही. कृपा करून बेल वाजवू नका, थोडे दिवस सोसा. एक दिवस ती आपली आपण उड्या मारायची थांबेल, आणि मग आमच्या घराबद्दल कोणाची काही तक्रार राहणार नाही.

नमस्कार.