शिंदेची बिनवासाची दारू

आमचा शिंदे माहितीये ना, तारापूरच्या केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे तो? त्याच्या डोक्यात एकदा घरी दारू गाळायचं खूळ शिरलं. आणि तीही साधीसुधी नाही. "रंग नाही, वास नाही, एकदम न्यूट्रल!"

वहिनींचा कुकर, शिट्टीच्या जागी तांब्याची नळी, नळीखाली बर्फाची बादली. आत आंबवलेलं गुळाचं पाणी. मी जवळच्या दांडी गावाहून तळलेले बोंबील घेऊन हजर.

थेंब पडायला लागले. शिंदेने ग्लास भरला. "पहिला माल कंपनीतही आपण टाकूनच देतो," म्हणाला आणि मोरीत ओतला.

दुसरा ग्लास त्याने हुंगला. "वास येतोय. सॅम्पल फेल." तोही मोरीत.

"अरे, दारूचाच वास हाय तो!" मी कळवळलो.

"न्यूट्रलला वास चालत नाही. नियम म्हणजे नियम."

असे किती ग्लास गेले देव जाणे. मोरीतली झुरळंसुद्धा झिंगली असतील. बोंबील गार झाले, तेव्हा कुठे साहेबांचा चेहरा खुलला. "पास! बाटली आण!"

आम्ही चिअर्स केलं. एक पेग, दोन पेग, तीन पेग.

"बघ," शिंदे म्हणाला, "घशाला जळजळसुद्धा नाही!"

"शिंदे," मी म्हटलं, "डोक्याला पण काय नाय."

तेवढ्यात वहिनी आल्या. त्यांनी बाटली हुंगली, एक थेंब चाखला आणि उरलेली सगळी सरळ इन्व्हर्टरच्या बॅटरीत ओतली.

"डिस्टिल्ड वॉटर संपलंच होतं," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात पण या हं, भावजी."