मेंढा कुणी सोडला

छे, ती चूक नव्हेच. सिनेमात रस्ता आधी ओला आणि लगेच कोरडा — तू पडलीस ऑस्लोची, तुला ती चूक वाटणारच. आमच्या बेटावर त्याला हवामान म्हणतात. दर शरद ऋतूत इथंच काढलेला आमचा हा सिनेमा गावच्या सभागृहात लावतात ना, तेव्हा एकदा एक पाहुणा असाच उठून ओरडला, ‘रस्ता बघा, रस्ता!’ चूक दिसली की पाय आपटायचे अशी इथली रीत, जमीन लाकडी आहे, नुसती दणाणते — पण त्या रस्त्यासाठी एक पाय हलला नाही. बिचारा वॉफल अर्धवट टाकून गेला. ते जाऊ दे. तू कॉफी घे. तर तू चुका पुसायला आलीयेस. कंपनीनं सिनेमा धुऊन-पुसून नवा करायला घेतलाय आणि येत्या शनिवारी तो नवा कोरा आमच्या सभागृहात लागणार — गुनवोरनं सांगितलं मला. सभागृहाच्या किल्ल्या तिच्याकडे असतात, त्यामुळे सगळं आधी तिलाच कळतं आणि मग तिच्या पोटात राहत नाही. बरं झालं आलीस. माझी एकच मागणी आहे. मला पूस. बाकी काय ठेवायचं ते ठेव, मला तेवढी त्यातून पुसून टाक.

का म्हणजे? तू बघितलास ना सिनेमा? मग बटाट्याएवढं माझं तोंड दिसलं नाही तुला? दिसलं. सगळ्यांना दिसतं. तशा चुका काय, पोत्यानं आहेत त्यात. मे महिन्यातला आपला राष्ट्रदिन दाखवलाय आणि मागं रोवनची झाडं लालभडक फळांनी लगडलेली — सप्टेंबरात शूटिंग केलं, दुसरं काय होणार! तो बाप, म्हणजे हिरो, आपली मासळीची गाडी चोरणाऱ्यांच्या मागं धावतो, धक्क्यावरच्या क्रेनला लोंबकळतो — तेव्हा पट्टी डाव्या हाताला. खाली पडतो तेव्हा उजव्या हाताला. बायको मिठी मारते तेव्हा पट्टीच नाही — मायेनं बरा झाला म्हणायचं. त्याच्या धाकटीचा पुढचा दात तर शूटिंगमध्येच पडला, आमच्याच धक्क्यावर, सफरचंद खाताना. त्यामुळे गाडीत बसताना दात आहे, वळणावर दात नाही, पूल ओलांडला की परत उगवलाय. आणि तो स्फोट — पिंप फुटतंय, धूर काय, किंकाळ्या काय, सगळे जीव मुठीत धरून पळतायत — आणि मागं आमचे तीन म्हातारे शांतपणे फेरी बोटीला हात करतायत! दिग्दर्शकाचा घसा बसला ओरडून. पण फेरी आली आणि हात करायचा नाही? कप्तानाला काय वाटेल? परत सगळं मांडलं, परत पिंप उडवलं, तोवर फेरी परत निघाली. परत हात. शेवटी तो माणूस दगडावर जाऊन बसला आणि म्हणाला, राहू दे.

आणि मेंढा. तो नको विसरूस. हिरो चालत्या गाडीवर उडी मारतो आणि त्याच्या पाठीमागनं गुनवोरचा मेंढा बाणासारखा जातो, आणि पुढच्याच क्षणी मेंढा नाही. गायब. मेंढा कुणी सोडला यावर इथं अजून भांडणं होतात. गुनवोर म्हणते त्यानं दोर चावला. त्या दिवशी त्याला धरून ठेवायचं काम ओडवारकडे होतं — ओडवार म्हणजे माझा नवरा, तो बघ खिडकीतून दिसतोय, शेडपाशी जाळं घेऊन बसलाय, तेव्हा नवरा नव्हता, तेव्हा नुसताच ओडवार होता — त्याला विचारलं की म्हणतो, ‘चावला असेल.’ झालं. एवढं बोलला म्हणजे त्याच्या मानानं भाषणच केलं त्यानं.

पण या सगळ्याच्या वर मी. मेंढ्याच्याही वर. माझं काम काय होतं? दुकानासमोरनं पावाची टोपली घेऊन घाबरून पळायचं. एवढंच. गाढवालाही जमलं असतं. शाळेत माझं डोकं कधी चाललं नाही, मासळीच्या कारखान्यात हात चालले, पण पळता मला येत होतं ना! आणि मी काय केलं? सगळे डावीकडे पळतायत, मी मधेच थांबले. वळले. आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघून सगळी बत्तिशी दाखवून हसले. अशी हसले, जसं काही मागनं बॉम्ब नाही, आइस्क्रीमची गाडी येतेय. हो हो, हस तू, मीही हसले असते. पाय आपटून आपटून एकदा सभागृहातली फळी तुटली माझ्या त्या प्रसंगाला, माहितेय? पोस्टात गेले की म्हणतात, ‘सिग्रुन, पुढे बघ!’ बाजारात, ‘सिग्रुन, पुढे बघ!’ माझ्या सख्ख्या बहिणीच्या मयताला — चर्चमध्ये मी जरा मागं वळून बघितलं, तर कुणीतरी हळूच म्हणालं. आणि वर कहर म्हणजे, कॅमेऱ्याला चिकटूनच तो हिरो उभा होता, गाडीवर उडी मारायची आपली पाळी यायची वाट बघत. म्हणून सगळ्यांचं ठरलेलंच — सिग्रुन हिरोवर भाळली. मी सांगते डोळ्यात ऊन गेलं होतं. पण आमच्याकडे सप्टेंबरात ऊन, कोण विश्वास ठेवणार!

नाही गं, लोकांच्या हसण्याचं मला काही नाही. मी माशांची आतडी काढणाऱ्या बायकांत वाढलेय, त्यांच्यापुढे हे हसणं म्हणजे बाप्तिस्म्याची गाणी. मला काय सलतं सांगू? माझा तो प्रसंग आला की ओडवार उठतो. दरवेळी. हळूच, टोपी घेऊन, बाहेर जातो. मी विचारलं तर म्हणतो हवा घ्यायला. वर्षभर समुद्रावर असतो, त्याला हवेचा कसला दुष्काळ? लाज वाटते त्याला. बायको त्या तेल थापलेल्या केसांच्या बाहुल्याकडे बघून खिदळतेय आणि अख्खं गाव पाय आपटतंय — कोणता नवरा बसेल? मी बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर पर्स ठेवते आणि सगळ्यांबरोबर मीही पाय आपटते. सगळ्यांत जोरात. म्हणून म्हणते, पूस मला. माझ्या जागी पिंप ठेव, बाई ठेव, बकरी ठेव. शनिवारी माझ्या माणसानं शेवटपर्यंत माझ्या शेजारी बसलं पाहिजे, बास. जमेल ना? जमतं म्हणतेस. मग झालं तर.

आणि हिरोकडे बघत होते म्हणे! कोण बघतं त्याच्याकडे! तो दुपारी माझ्याकडे येऊन विचारतो कसा, या माशाला काटे असतात का? असल्या माणसाकडे बघून मी हसेन? मी तर बघत होते — वॉफल घे ना, गार होतंय. तपकिरी चीज लावून घे. — काही नाही गं, असंच. — तू अशी टक लावून नको बघूस, पोलीस आहेस का? बरं, बघत होते ओडवारकडे. झालं समाधान? तो हिरोच्या पलीकडे उभा होता मेंढ्याला धरून. एक बाही फाटलेली, तोंड असं गंभीर, जसा काही बिशपला धरून उभा आहे. आणि मेंढा त्याच्या बुटाची नाडी खात होता. मला काय झालं कुणास ठाऊक. पाय थांबलेच. पण त्यानं बघितलंसुद्धा नाही, तो खाली नाडीकडे बघत होता. नाही, कधी सांगितलं नाही त्याला. काय सांगायचं? पुढं बऱ्याच दिवसांनी तो एक मोठा कॉड मासा घेऊन दारात आला आणि म्हणाला, ‘जास्तीचा आहे.’ ते आमचं प्रेमपत्र. इतकं चालतं आमच्यात. याच्यावर बोललो असतो तर दोघांपैकी एकानं बेट सोडलं असतं.

कुठे बोललीस तर याद राख.

काय? आहे तो तुकडा तुझ्याजवळ? मग लाव की. थांब, चष्मा. अगंबाई, काय लखलखीत झालंय! आमच्या सभागृहात तर हे सगळं कोळशासारखं काळं दिसतं. ही मी. काय ते केस, देवा. पाव बघ कसे पडतायत टोपलीतनं, अर्धं दुकान सांडलं मी. आणि हे आलं हसू. पुरे, बंद कर. — दुसरी चूक? याच्यातच? कुठे? माझ्या मागं? मागं तर दुकानाची काच आहे, तिच्यात कधी काही दिसलं नाही. — हो, आता दिसतंय खरं. दिवे दिसतायत. हा कॅमेरा. सगळी तुमची मंडळी उमटलीत की काचेत! हे म्हणजे चोरानं आपलं घर दाखवल्यासारखं झालं. हा हिरो, केस विंचरतोय. आणि हा कडेचा —

थांब. मागं घे. मोठं कर ते. अजून.

हा ओडवार आहे.

हा खाली बघत नाहीये.

हात बघ त्याचा. हात वर केलाय मूर्खानं. हात करतोय. फेरीला करतात तसा पुरा वर, फाटक्या बाहीसकट — कुणाला करतोय? त्या बाजूला फेरी नाही. तिकडे मीच आहे. आणि दोर? दोर कुठाय? याच हातात होता ना दोर! तो बघ, जमिनीवर. आणि मेंढा चालला.

चावला असेल म्हणे.

म्हणजे त्याला वाटलं मी त्याच्याकडे बघून हसले. बरोबरच वाटलं. हात वर केला. मग सिनेमा लागला, गाव ओरडलं, सिग्रुन हिरोवर भाळली, आणि याला वाटलं — आपण दुसऱ्याच्या हसण्याला हात केला. मेंढा सोडून. म्हणून टोपी घेऊन बाहेर. दरवर्षी. आणि मी शहाणी इकडे पाय आपटतेय.

नको. दाबू नकोस काही. काय पुसायचंय? मी म्हटलं होतं? मी पुष्कळ बोलते, बेटावर कुणालाही विचार. इथं चूक कुठे आहे, दाखव मला. ही काच स्वच्छ आहे, काचेत माणसं दिसतात, त्यात चूक काय? पट्टी सरळ कर, त्या पोरीला दात लाव, झाडावरची फळं तोड हवी तर. या काचेला हात लावलास तर मी ऑस्लोला येईन, आणि मला बोट लागते, तेव्हा तुझ्या दारातच काय ते होईल. लिहिलंस? मेंढासुद्धा राहू दे. आणि हे गुनवोरला कळायच्या आत — नाही, ते शनिवारी तिचं तिला दिसेलच. काय थोबाड होईल तिचं!

चल ऊठ. भोंगा झाला, फेरी येतेय. बूट तिथे दारात आहेत तुझे. वॉफल कागदात बांधून घे. हा संगणक इथे ठेव — का म्हणजे, दोन मिनिटं, बोट पळून जाते का? बरं, मग दाराशी उभी राहा आणि समुद्राकडे तोंड कर.

ओडवार! ते जाळं ठेव खाली. — हो, तुलाच म्हणतेय, इथे दुसरा ओडवार आहे का? हात पूस आणि आत ये. — काही नाही झालं, ये म्हटलं ना. टोपी राहू दे बाहेर.

तू काय बघतेस, पोरी? पुढे बघ.