आठव्या डावात उठलेले

बेसबॉलचा सामना सुटायच्या आत स्टेडियमपासून निघालेल्या बसमध्ये आम्ही तिघंच होतो: मी, आणि पुढच्या सीटवर एक म्हातारा आणि त्याची मुलगी. सेंट लुईसचा पूल ओलांडताना ड्रायव्हरच्या रेडिओवर एकच आरडाओरडा झाला. नऊच्या नऊ डाव संपले होते आणि आपल्या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, समोरच्यांना एकही हिट, एकही धड फटका मारू दिला नव्हता.

"लोरेटा, एकही नाही?"

"एकही नाही, बाबा."

"तुला माहीत होतं?"

"पाचव्या डावापासून."

"मग मी 'चल, गर्दी व्हायच्या आत निघू' म्हणालो, तेव्हा तोंडाला कुलूप लागलं होतं का तुझ्या?"

"तुम्हीच शिकवलंत ना, सामना संपेपर्यंत ते बोलायचं नाही, पिचरला दृष्ट लागते म्हणून! मी दोनदा बाही ओढली तुमची."

"मला वाटलं, हॉट डॉग हवाय तुला."

"सेहेचाळीस वर्षांची आहे मी, बाबा."

"साठ वर्षं येतोय मी इथे. असा एक तरी सामना बघायला मिळावा म्हणून."

"पण एवढ्या मोठ्या बोर्डावर शून्य होतं की!"





"बोर्ड दिसत नाही गं मला. दोन वर्षं झाली. लोक ओरडले की मीही ओरडतो. आज कुणी ओरडतच नव्हतं, सगळे गप्प. मला वाटलं, रटाळ चाललाय."

मग म्हातारा माझ्याकडे वळला.

"तुम्हीही सामन्यालाच होतात का हो?"

"छे, मी कामावरून येतोय."

लोरेटाने माझ्या डोक्यावरच्या संघाच्या लाल टोपीकडे पाहिलं आणि ती खिडकीबाहेर बघू लागली.