पाटील खुर्ची सोडणार, असं ऐकतो

हसू नका, पण आमच्या आप्पांचं राजकारण एकदा इंटरनेटवरच्या खेळानं हलवलं होतं. तवा शिरूरला सायबर कॅफे नवे होते. नेटवर आम्ही दहा-बारा जण मिळून एक खोटं गाव चालवायचो. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आन् त्याच्या तोंडून लिहायचं. मी कोतवाल, म्हंजी गावात अफवा सोडायचं काम माझं. नियम एकच: खरं का खोटं ते सांगायचं न्हाई, नुसतं 'असं ऐकतो' म्हणायचं.

एकदा मी लिहिलं, "पाटील यंदा सोसायटीची खुर्ची सोडणार, असं ऐकतो." पाटील रंगवताना आप्पांचीच पितळी मुठीची काठी आन् जाड चष्मा उचलला होता. आप्पा म्हंजी माझे वडील, आमच्या गावच्या विकास सोसायटीचे चेअरमन. कॅफेवाले सलीमभाई मागून वाचत होते.

"अरे, हे तर तुझे आप्पा! खरंच सोडतायत व्हय?"

मी अजून खेळाच्याच तंद्रीत. म्हणालो, "असं ऐकतो."

दोन दिवसांत आमच्या ओट्यावर ही गर्दी. "आप्पा, तुम्ही न्हाई तर कोण?" आप्पांनी सगळ्यांना चहा पाजून घालवलं आन् मला आत बोलावलं.

मी सरळ कबूल केलं. "आप्पा, ती खेळातली अफवा हाय. मीच रचली."

आप्पांनी चष्मा काढून पुसला. मग उठून हळूच दार लोटलं.

"रचली? अरं, हे मी अजून तुझ्या आईलाबी सांगितलं न्हाई."